गादीवाली जेवायला बसते

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून एक लांबट खोली आहे. पुढच्या निम्म्या भागात दुकान, मागच्या निम्म्यात घर, आणि मध्ये कुठल्याशा सोफ्याच्या उरलेल्या कापडाचा पडदा. दुकानात कायम चार-दोन खुर्च्या पोट फाडून उलट्या पडलेल्या असतात. कुणाचा काथ्या बाहेर आलेला, कुणाची स्प्रिंग. त्यांच्यामध्ये जमिनीवर मांडी घालून, तोंडात बारीक खिळे धरून जी बाई बसलेली दिसते, तिला सगळे गादीवाली म्हणतात. तोंडात खिळे असल्यामुळे ती बोलत नाही असं पहिल्यांदा वाटतं. खिळे काढले तरी ती तेवढंच बोलते, हे नंतर कळतं.

खुर्ची दुरुस्तीला आली की ती आधी स्वतः तिच्यावर बसते. नुसती टेकत नाही, मालक जसा बसत असेल तशी बसते. म्हाताऱ्या माणसाची खुर्ची असेल तर एका कुशीवर कलून, कारकुनाची असेल तर पुढे झुकून. बसल्याशिवाय खुर्चीचं दुखणं कळत नाही, असं तिचं म्हणणं. आमचे हे म्हणतात, बरं झालं ही बाई डॉक्टर झाली नाही.

ती या इमारतीत लग्न होऊन आली, आणि आल्या दिवसापासून बटणची सावत्र आई झाली.

बटण म्हणजे गादीवाल्याचा मुलगा. रांगत असताना त्यानं सोफ्याचं एक कापड मढवलेलं बटण गिळलं होतं, आणि ते खालून बाहेर पडेपर्यंत सगळी इमारत श्वास रोखून होती. तेव्हापासून त्याचं हेच नाव. त्याची आई तो लहान असताना गेली. पोटाचं दुखणं होतं. शेवटी शेवटी तिला अन्न जाईना, ताट जसंच्या तसं परत यायचं, आणि खाटेशेजारी बसलेलं पोरही जेवायचं नाही. मग गादीवाल्यानं काही काळ एकट्यानंच संसार ओढला. पोराला दुकानातल्या सोफ्यावर झोपवायचा आणि सोफ्याचा मालक आला की उठवायचा. मी वरून बघायचे आणि माझा जीव तुटायचा. सगळीकडे दाभणं, पकडी, सांडलेले खिळे, आणि त्यात ते पोर अनवाणी. मी दोनदा चपला नेऊन दिल्या, त्यानं दोन्ही हरवल्या.

ही बाई आली तेव्हा तिशी ओलांडलेली होती. बसगाड्यांची सीटं शिवणाऱ्या कारखान्यात काम केलेली. नात्यागोत्यात कुणी नसावं. पहिल्या दिवशी आम्ही शेजारणी जमलो होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी बटणच्या पाठीला हात लावून त्याला पुढे केलं आणि म्हणाल्या, आई म्हण. तो भिंतीला चिकटला. नवी नवरी तेवढ्यापुरतीच बोलली, "राहू दे. त्याची आई होती. मला काय म्हणायचं ते सुचेल तेव्हा म्हणेल."

त्याला काही सुचलं नाही. हाक न मारताच तो काम भागवायला शिकला. काही हवं असलं की समोर येऊन उभा राहायचा, ती वर बघेपर्यंत. घाई असली तर खोकायचा. पोराला खोकला जडलाय असं समजून मी मधाची बाटली खाली पाठवली होती.

तरी त्यांचं ठीक चाललं होतं. ओढ नव्हती, पण ओढाताणही नव्हती. तेवढ्यात गादीवाला आजारी पडला. आयुष्यभर गिळलेली काथ्याची, कापसाची धूळ छातीत बसली होती. त्यालाही हळूहळू जेवण जाईना. बटण आपलं ताट घेऊन त्याच्या खाटेशेजारी बसून राहायचा. बाप दोन घास जेवला तर हाही जेवायचा. बापानं मान वळवली तर हाही ताट सरकवायचा. गादीवाली दोन्ही ताटं उचलून आत न्यायची.

गादीवाला गेला त्या दिवशी आम्ही शेजारणींनी जेवण बनवलं आणि खाली नेलं. अशा घरात ते झाकूनच राहतं, हे आपल्याला ठाऊक असतं. पण गादीवाली हात धुऊन आली, सगळ्यांच्या देखत पानावर बसली, आणि जेवली. ताट पुसून स्वच्छ. बटणला म्हणाली, "ये." तो आला नाही. बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मास्तरीणबाई जिन्यात म्हणाल्या, "घास उतरला तरी कसा हिच्या घशाखाली?" त्या दिवसापासून गादीवालीबद्दल इमारतीचं मत ठरून गेलं.

बटणची मावशी आली होती. त्याच्या आईची धाकटी बहीण, दुसऱ्या शहरात राहणारी. घरचं बरं, एक मुलगी, नवरा समजूतदार. बाई वाईट नव्हती. उलट तिनं तोंड उघडलं की थेट बहिणीचाच आवाज, त्यामुळे बटण तिचा पदर सोडेना. जाताना तिनं सांगितलं, परीक्षा झाली की मी याला घेऊन जाईन, तुमचा काय संबंध उरलाय आता, तुम्ही मोकळ्या व्हा. गादीवाली हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. त्यामुळे पोर राहणार की जाणार, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. तिच्या मनात काय आहे, कुणाला कळत नव्हतं. कुणी विचारलंही नाही. मनातल्या मनात सगळ्यांनी पोराची ट्रंक भरून टाकली होती.

आणि नेमका त्या वर्षी आमच्या रस्त्यावरच्या थिएटरला तो हिंदी सिनेमा लागला.

सावत्र आईचा सिनेमा. भलंमोठं घर, गोल जिना, आणि त्या जिन्यावरून रडत खाली येणारी नवी आई. मुलगा तिचा दुस्वास करतो, तिनं आणलेलं ताट भिरकावतो, उपाशी झोपतो. मग तीही पाण्याशिवाय काही घेत नाही. दिवसेंदिवस. शेवटी त्याच जिन्यावर चक्कर येऊन पडते, आणि मग तो मुलगा स्वतःच्या हातानं तिला पहिला घास भरवतो. थिएटरात एक पदर कोरडा राहिला नाही. इतके दिवस उपाशी राहून तिच्या गालावरची लाली तसूभरही कमी झाली नव्हती, हे मला घरी आल्यावर जाणवलं. तिथे मीही रडत होते.

त्या थिएटरच्या खुर्च्या नव्यानं मढवायचं काम गादीवालीकडेच होतं. सकाळी खेळ नसताना ती एकेक रांग उघडायची. मॅनेजरनं तिला पास दिले, ते तिनं आम्हाला वाटले, आणि बटणला घेऊन तीही आमच्याबरोबर आली. पण सिनेमा बघायला आली म्हणणं धाडसाचं होईल. भरल्या थिएटरात कुठली खुर्ची करकरते ते ऐकायला आली होती. दर थोड्या वेळानं उठून जागा बदलत होती. ताट भिरकावलं जात होतं तेव्हा मागच्या रांगेत एक जाडजूड गृहस्थ खुर्चीसकट एका बाजूला कलले, आणि ती पक्कड आणायला बाहेर गेली. परत आली तेव्हा सिनेमातली आई बरी होऊन मुलाला कुशीत घेऊन बसली होती.

बटण माझ्या शेजारी होता. रडला नाही. पापणी न हलवता बघत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं ताट सरकवलं. गादीवालीनं विचारलं, भूक नाही का? नाही म्हणाला. तिनं त्याचं ताट झाकून ठेवलं आणि स्वतः जेवली. तो समोर बसून बघत राहिला. संध्याकाळी तेच. पुढच्या दिवशी तेच. ती त्याला कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरनं जीभ बघितली, पोट दाबलं आणि पोर ठणठणीत असल्याचं सांगितलं. ती घरी आली, दोन ताटं वाढली, एक झाकलं, एक जेवली.

हे मला माझ्या धाकट्याकडून कळलं. तो बटणच्याच वर्गात. बटणनं त्याला जिन्यात अगदी हलक्या आवाजात सांगितलं होतं, "ती जेवते रे." कुणीतरी खून केल्याचं सांगावं तसं. मुलांनी सिनेमा पाहून हा कट आखला होता. खरी आई असेल तर उपाशी राहील. नसेल तर जेवेल.

मला त्याच सुमारास आमच्या डब्यातला पाव रोज कमी होतोय असं वाटत होतं. मुलांच्या खाण्याच्या बाबतीत माझी नजर चुकत नाही, हा माझा गुण म्हणा की आजार. धाकट्याला धरलं तेव्हा उलगडा झाला. बटणच्या उपोषणाची रसद आमच्याच घरातून जात होती. गच्चीच्या जिन्यात बसून तो पाव हाणत होता आणि खाली येऊन ताट सरकवत होता.

पण मास्तरीणबाईंना पावाचं माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की पोर उपाशी आहे आणि बाई पोटभर जेवते आहे. त्यांनी मावशीला फोन केला.

मावशी येणार हे कळल्यावर मात्र मला राहवेना. मी फाटलेली उशी काखेत मारून खाली गेले. गादीवाली थिएटरची एक खुर्ची मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला सगळं सांगितलं: सिनेमातला प्रसंग, मुलांचा कट, आमचा पाव. पाव ऐकल्यावर तिनं तोंडातले खिळे तळहातावर काढले आणि भिंतीला टेकली.

"खातोय ना?" एवढंच तिनं विचारलं.

खातोय, म्हटलं. पण मावशी निघाली आहे, आणि पोराचं मन असंच राहिलं तर तो तिच्याबरोबर जाईल. तुम्ही एक करा. आज एक वेळ जेवू नका. खोटं खोटं का होईना, त्याच्यासमोर ताट बाजूला सारा. लगेच विरघळेल. लहान आहे तो.

तिनं तळहातावरचे खिळे डबीत टाकले. मग जे बोलली ते इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात लांब बोलणं.

"ताई, त्याची आई जेवायची बंद झाली आणि गेली. बाप जेवायचा बंद झाला आणि गेला. मोठं माणूस जेवलं नाही की काय होतं, ते त्या पोरानं दोनदा बघितलंय. आता मीपण ताट सारू? विरघळेल, खरं आहे. पण मग जन्मभर माझ्या ताटात बघत बसेल. त्याचा बाप गेला त्या दिवशीच मी ठरवलं, आता या घरात कुणीतरी रोज जेवताना दिसलं पाहिजे. घास उतरत नव्हता हो. पाण्याबरोबर ढकलला."

मी उशी मांडीवर घेऊन बसून राहिले. माझं पोर एक घास कमी जेवलं तर माझं जेवण तिथेच थांबतं. ते चूक आहे असं मला आजही म्हणवत नाही. पण मी उशी तिच्यापुढे ठेवली आणि उठले.

निघताना तिनं मला थांबवलं. आतून वाटीभर उकडलेली अंडी आणून माझ्या हातात दिली. "नुसता पाव किती दिवस खाईल? हे द्या बरोबर. माझं नाव नको." मग म्हणाली, "आणि त्याला ओरडू नका. चोरून खायची गोडी वेगळी असते."

मावशी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मास्तरीणबाई तिच्यामागून आल्या, मीही गेले. बटण एका मोठ्या सोफ्याच्या सांगाड्यामागे उभा होता. सांगाड्याला अजून कापड लागायचं होतं, त्यामुळे तो लपल्यासारखाही होता आणि पट्ट्यापट्ट्यांतून दिसतही होता.

मावशीनं आल्या आल्या सुरुवात केली. पोर इतके दिवस उपाशी आहे आणि तुम्ही जेवता, हे खरं का? गादीवालीनं माझ्याकडे एकदा बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला कळला, आणि ओठावर आलेला पाव मी गिळला. "जेवत नाहीये, खरं आहे," गादीवाली म्हणाली. सांगाड्यामागे बटणचे कान लाल झालेले मला दिसत होते.

मावशी म्हणाली, मग वादच नको. आपण त्यालाच विचारू. आणि सांगाड्याकडे वळून, त्या बहिणीच्या आवाजात, तिनं अगदी मायेनं विचारायला तोंड उघडलं.

"त्याला नका विचारू," गादीवाली म्हणाली.

आवाज चढला नव्हता, पण मावशी थांबली.

"लहान आहे तो. तुमचं नाव घेतलं तर माझ्याकडे बघून झुरेल, माझं घेतलं तर तुमच्यासाठी. हे ओझं त्याला कशाला? ठरवायचं काम मोठ्यांचं. मी ठरवलंय. तो इथे राहील. सुट्टीत तुमच्याकडे येईल, दर सुट्टीत, मी स्वतः आणून सोडीन."

"तुम्ही कोण ठरवणार?" मावशीचा तोल सुटला. "रक्ताचं काय नातं आहे तुमचं?"

"काही नाही."

मास्तरीणबाईंनी मान हलवली, जणू खटला तिथेच संपला होता. गादीवाली पुढे म्हणाली, "त्याच्या बापानंही मला काही सांगितलं नाही. शपथ नाही, वचन नाही. त्याला श्वासच पुरत नव्हता. कुणी माझ्या पदरात घातलं म्हणून ठेवत नाहीये मी. मला तो हवाय."

हे म्हणताना ती कुणाकडेच बघत नव्हती. हातातल्या पकडीकडे बघत होती. 

मावशी खाली बसली. तिचे डोळे वाहायला लागले. "उद्या मोठा झाला आणि म्हणाला, तुम्ही माझं वाटोळं केलं, तर?"

"म्हणू दे. मी इथेच असेन ऐकायला."

 जेवणाची वेळ टळून चालली होती. गादीवाली उठली, पडदा सारला आणि तीन ताटं वाढली. आम्हालाही बसा म्हणाली. मास्तरीणबाई म्हणाल्या, आमचं झालंय, आणि तरीही तिथेच उभ्या राहिल्या. मावशी ताटावर बसली, पण तिला घास घेववेना. भात नुसता चिवडत होती आणि डोळे पुसत होती. बटण येऊन तिच्या शेजारी बसला होता. त्याचा हात ताटाकडे गेला, मावशीच्या ताटाकडे बघून थांबला, आणि मांडीवर परत आला. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

गादीवालीनंही पाहिलं. ती मावशीकडे किंचित झुकली आणि हळूच म्हणाली, "जेवा. तुम्ही जेवला नाहीत तर तो जेवायचा नाही. तुमच्या ताईंच्या आजारपणापासून तसाच आहे."

मावशीनं चमकून बटणकडे बघितलं, मग त्याच्या मांडीवरच्या हाताकडे. बहिणीच्या खाटेशेजारी बसलेलं ते पोर तिनंही बघितलं असणार. तिनं डोळे कोरडे केले, मोठा घास घेतला, आणि चावत राहिली. दुसरा घेतला. बटण तिच्या तोंडाकडे बघत होता. तिसऱ्या घासाला तोही जेवायला लागला, खाली मान घालून, भराभरा. कुणी कुणाला भरवलं नाही. मास्तरीणबाई केव्हा वर गेल्या, मला कळलं नाही.

मावशी दोन दिवस राहिली. जाताना तिनं गादीवालीला मिठी वगैरे मारली नाही. सुट्टी कधी लागते ते दोनदा विचारून घेतलं. बटण तिच्या रिक्षामागे कोपऱ्यापर्यंत धावला आणि हुंदके देत परत आला. मी उशी न्यायला आले होते. उशीचा शेवटचा टाका राहिला होता, म्हणून थांबले. त्या दोघांना मी तिथे असल्याचं भान नव्हतं.

बटण दारातच उभा राहिला. रागानं त्याचा श्वास वरखाली होत होता.

"मला विचारायला पाहिजे होतं," तो म्हणाला.

"विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?"

त्यानं नाक पुसलं. "माहीत नाही."

"मलाही तेच वाटलं."

"आणि मी गेलोच असतो तर? तुला न सांगता?"

"आणायला आले असते."

"आलो नसतो तर?"

ती दाभणात सुतळी ओवत होती. डोळे बारीक करून, तोंडासमोर धरून. सुतळी आरपार गेल्यावरच तिनं उत्तर दिलं.

"मग तिथेच जवळपास खोली बघितली असती. फाटक्या खुर्च्या काय, सगळ्या गावांत असतात."